जागता टोप

मंगळवारी संध्याकाळी, साडेसातच्या सुमाराला, एका मेलेल्या उंदराच्या अंगातून जागता टोप पडला आणि चिमटीची चार वर्षांची मैत्री पणाला लागली. उंदीर गेममधला, टोपही गेममधलाच. मैत्री मात्र खरी होती, नाहीतर एवढं पाल्हाळ लावायचं काही कारण नव्हतं.

चिमटी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारी बाई. बेचाळीस वर्षांची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आईबरोबर राहणारी. दिवसभर उजव्या डोळ्याला भिंग लावून ती तिळाएवढे स्क्रू फिरवायची आणि संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की दोन तास राक्षस मारायची. यात नवल काही नाही. दिवसभर श्वास रोखून काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळी कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटणारच.

ती एका गटात खेळायची. गट चौघांचा. प्रमुख होते भांडारी, म्हणजे शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेले मास्तर. गटाच्या सामानाची पेटी सांभाळायचे म्हणून हे नाव. दुसरी नर्स, रुग्णालयात नर्सच असलेली. तिसरा लिफ्टवाला, बंद पडलेल्या लिफ्ट चालू करून देणारा. चौघं चार ठिकाणी राहायचे, एकमेकांचे चेहरे कुणी पाहिले नव्हते, पण कुणाला सर्दी झालीय हे कानातल्या आवाजावरून पहिल्या वाक्याला कळायचं. चिमटीचं पित्ताशय काढलं तेव्हा नर्सने सलग नऊ दिवस फोन करून तिला काय खायचं ते सांगितलं होतं. सख्खी मावसबहीण एकदाच बोलली होती, तेही घड्याळाचं विचारायला. म्हणून सांगते, या गटाबाहेर चिमटीला जग असं फारसं नव्हतंच.

आता गेमचं थोडं सांगायला हवं, थोडंच. हा गेम खेळायच्या दोन तऱ्हा. एका तऱ्हेत मेलं की पुन्हा उठायचं, धूळ झटकायची, चालू लागायचं. दुसरीला म्हणतात ‘एकच जीव’. तिथे मेलात की मेलात. तुमचं पात्र गेलं, आणि त्याच्या अंगावर जे काही होतं तेही त्याच्याबरोबर गेलं. पेटीत ठेवलेलं तेवढं मागे राहतं. आपला गट अर्थात ‘एकच जीव’ खेळायचा. दुर्मिळ वस्तूही तिथेच पडतात. आणि त्यांना आणखी एक अट असते: एकदा अंगावर चढवली की वस्तू तुमची झाली. मग ती दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, पेटीतही परत ठेवता येत नाही.

मग माणसं काय करतात? घालतच नाहीत.

गटाच्या पेटीत तीन तलवारी होत्या, एक ढाल, एक टोप, नऊ अंगठ्या, एक आख्खं चिलखत. चार वर्षांत यातलं एकही कुणाच्या अंगाला लागलं नव्हतं. दर रविवारी दुपारी तीनला चौघं पेटीभोवती उभे राहायचे. भांडारी एकेक वस्तू वर काढून दाखवायचे, लिफ्टवाला अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर आजचा भाव वाचायचा, नर्स “बाई गं” म्हणायची, आणि वस्तू परत आत जायची. विकायचं तर कुणाच्याच मनात नव्हतं. भाव वाढला की नुसतं खूश व्हायचं. आणि मग हीच चार माणसं साध्या लोखंडी टोपात, पोचे आलेल्या ढाली घेऊन लढायला जायची. वेळेला असावं म्हणून ठेवलंय, असं भांडारी म्हणायचे. ती वेळ काही येत नव्हती.

वेळ म्हणजे खाण. गेमच्या शेवटी एक खाण आहे, तिच्या तळाशी आंधळी राणी बसलेली असते. या सर्व्हरवर ‘एकच जीव’ खेळणाऱ्या कुणालाही तिला अजून मारता आलं नव्हतं. भांडारी दोन वर्षांपूर्वी एकटेच गेले होते आणि त्यांचं पहिलं पात्र तिथे गेलं. ती हकिगत ते वर्षातून चारदा तरी सांगायचे. “मी तिच्यासमोर उभा होतो. नजरेला नजर भिडवून.”

“राणी आंधळी आहे, सर,” चिमटी एकदा म्हणाली होती. भांडारी आठवडाभर तिच्याशी तुटक बोलत होते.

तर टोप. जागत्या टोपाचं वैशिष्ट्य असं की तो काय करतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकी प्रत्येक वस्तूखाली तिचे गुण लिहिलेले असतात, इतकी ताकद, इतका वेग. टोपाखाली फक्त एक ओळ: ‘ज्याच्या डोक्यावर, त्यालाच कळेल.’ साइटवर नोंद होती की सर्व्हरवर असे चाळीस टोप आहेत. एकाचा भाव एका नव्या दुचाकीएवढा. पुढच्या रकान्यात ‘उपयोग’ असं लिहिलेलं, आणि तो रकाना कोरा. चाळीसच्या चाळीस टोप चाळीस पेट्यांत पडून. त्यातला एक यांच्याच पेटीत, दोन वर्षांपूर्वी लिफ्टवाल्याला मिळालेला. चिमटीचा हा एकेचाळिसावा.

टोप पडला तशी सगळ्यांच्या पडद्यावर सोनेरी अक्षरं आली. 

“अभिनंदन,” भांडारी म्हणाले. “पेटीत दोन झाले.”

“दोन कुठले? एक पेटीत आहे. हा माझ्या पिशवीत आहे.”

“तेच ते. रविवारी ठेवून टाक.”

“मी घालणार आहे,” चिमटी म्हणाली.

आधी सगळे हसले. मग ती हसत नाहीये हे लक्षात आलं.

“अगं, घातलास की मातीमोल झाला,” नर्स म्हणाली. “मग तो कुणाला देता यायचा नाही.”

“द्यायचाय कुणाला?”

“आणि मेलीस तर?”

“मेले तर मेले. उंदीर मारून मारून माझी बोटं झिजली. निदान काय मिळालं ते तरी कळू दे.”

“माझा दोन वर्षं पडून आहे आत,” लिफ्टवाला म्हणाला. “मी कधी काही बोललो?”

“बोलायला हवं होतंस.”

भांडाऱ्यांचा आवाज वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलायचा असतो तसा झाला. “हा गट नियमावर चाललाय. दुर्मिळ ते पेटीत. तो नियम तूही मान्य केला होतास. रविवारी तीन वाजता टोप पेटीत दिसला तर ठीक. नाहीतर तू तुझ्या वाटेने, आम्ही आमच्या. यात राग मानू नकोस.”

राग मानू नकोस म्हणे. चिमटीच्या डोक्यात तिडीक गेली. हेडफोन काढून ती स्वयंपाकघरात गेली आणि तीन भांडी गरज नसताना घासली.

आईला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भांडी कशी घासली जातायत यावरून तिला पुष्कळ काही कळायचं. तिने सगळं विचारून घेतलं. ऐकून घेतल्यावर म्हणाली, “घालायचाच नसेल तर त्याला टोप कशाला म्हणायचं? भांडं म्हणा. निदान डाळ तरी ठेवता येईल त्यात.”

“तू माझ्या बाजूने आहेस की त्यांच्या?”

“मी कुणाच्या बाजूने नाही. मी विचारते. तो मास्तर गेला की पेटी कुणाची?”

 पेटी भांडाऱ्यांच्या खात्याला जोडलेली होती. भांडारी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. हा विचार चार वर्षांत चौघांपैकी एकाच्याही मनात आला नव्हता.

बुधवार असाच गेला. गुरुवारी सकाळी दुकानात एक गृहस्थ आले, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात निळी डबी. दुकान लहानसंच. पुढच्या काउंटरवर आई पट्टे आणि बॅटऱ्या बदलायची, मागे काचेच्या आड चिमटीचं टेबल. गृहस्थांनी डबी आईच्या हाती न देता काचेवरून थेट मागे दिली. चिमटीने उघडली. आत चावीचं घड्याळ, सुरेख, कोरं करकरीत. पाठीवरचं पारदर्शक प्लास्टिकही अजून तसंच चिकटलेलं.

“बावीस वर्षं जुनं आहे,” ते म्हणाले. “एकदाही मनगटाला लावलेलं नाही. एक गिऱ्हाईक आलंय, पण चालत नाही म्हणतो. असं कसं होईल? नवंच आहे.”

चिमटीने चावी फिरवली. काटा जरा थरथरला आणि थांबला. तिने डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं.

“तेल वाळलंय. आत डिंक झाला असेल. घातलं असतंत तर बंद पडू लागल्यावर कुणाकडे तरी नेलं असतंत, त्याने तेल बदललं असतं. डबीत कोण बघणार? सगळं खोलून धुवावं लागेल.”

“धुवा की. फक्त मागचं प्लास्टिक काढू नका.”

“काय?”

“प्लास्टिक निघालं की वापरलेलं झालं ना. भाव निम्म्याने उतरतो.”

चिमटीने आईकडे पाहिलं. आई एका पट्ट्याच्या भोकात फार लक्ष घालून बसली होती, खांदे मात्र हलत होते.

“साहेब,” चिमटी म्हणाली, “पाठ न उघडता आत हात घालायची विद्या मला येत नाही.”

“मग दुसरीकडे बघतो.”

“बघा. आणि एक विचारू? याची टिकटिक ऐकलीय का कधी तुम्ही?”

गृहस्थ बुचकळ्यात पडले. त्यांनी घड्याळ उलटसुलट करून पाहिलं, अंगठ्याने प्लास्टिकचा एक कोपरा नीट दाबून बसवला, डबी बंद केली आणि निघून गेले.

“किती नाराज करतेस गं माणसांना,” आई म्हणाली. दिवसभर दोघी मधूनच हसत होत्या. पण संध्याकाळी शटर ओढताना चिमटीच्या लक्षात आलं की आपलं ठरलंय. तसं ते मंगळवारीच ठरलं होतं. मधले दोन दिवस ती नुसती घाबरत होती. टोप जाईल याची तिला भीती नव्हती, माणसं जातील याची होती. नर्सचा आवाज पुन्हा कानात येणार नाही, लिफ्टवाला अडकलेल्या लोकांच्या नकला करून दाखवणार नाही, आणि तो खडूस म्हातारा “चिमटी, कोन बघून उभी राहा” म्हणणार नाही. रडू येण्यासारखंच होतं, आणि शुक्रवारी ती थोडी रडलीही. त्याने ठरलेलं काही बदललं नाही.

रविवारी तीनला चौघं पेटीभोवती जमले. आई शेजारी मटार सोलत बसली होती, कारण काय होतं ते तिला बघायचं होतं.

“ठेव,” भांडारी म्हणाले.

चिमटीने पिशवी उघडली, टोप उचलला आणि डोक्यावर चढवला. गेमने विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. पडद्यावर टोपाभोवतीची सोनेरी किनार विझली. म्हणजे तो आता विकाऊ राहिला नव्हता.

“अगं बाई,” नर्स हळूच म्हणाली.

“काय झालं? काय करतो?” लिफ्टवाल्याला राहवेना.

काहीच झालं नव्हतं. चिमटीला चौघांची पात्रं दिसत होती, पेटी दिसत होती, रोजचंच गाव दिसत होतं. तरी ती म्हणाली, “कळेल. खाणीत जाते.”

“एकटी?”

“तुम्ही येणार आहात का?”

 मग भांडारी, अगदी शांतपणे, “सांभाळून,” म्हणाले आणि त्यांनी तिला गटातून काढलं. कानातले आवाज एकदम बंद झाले. इतकी शांतता त्या हेडफोनमध्ये चार वर्षांत कधी नव्हती. आईच्या हातातल्या शेंगा तेवढ्या तडकत होत्या.

खाणीच्या तोंडाशी लोखंडी फाटक आहे, आणि फाटकाबाहेर सामान ठेवायला पेटीचं एक झाकण. कुठल्याही गटाला तिथून आपली पेटी उघडता येते. चिमटी फाटकातून आत शिरली आणि जागची थांबली.

अंधारात माणसं उभी होती. राखाडी, आरपार दिसणारी, न हलणारी. जवळ गेलं की डोक्यावर नाव उमटायचं, तारीख उमटायची आणि अंगावर काय काय होतं त्याची यादी. या खाणीत मेलेला प्रत्येक खेळाडू जिथे पडला होता तिथेच उभा होता. आणि प्रत्येकाचा एक हात उचललेला होता, बोट रोखलेलं. पहिल्या वळणावर तिघांची बोटं एकाच भिंतीकडे होती. चिमटी थबकली, भिंतीला ढाल लावून पुढे सरकली, आणि त्याच भिंतीतून भाला आला तो ढालीवर आदळला. घाव जिथून आला होता तिकडे मेलेल्यांनी बोट दाखवलं होतं. एवढाच टोपाचा गुण. ज्यांना तो घाव चुकवता आला नाही ते पुढच्याला सांगत होते.

“आई,” चिमटी म्हणाली.  “सगळे इथेच आहेत गं.”

“कोण सगळे?”

सांगायला सवड नव्हती. पण त्याआधी आणखी एक गोष्ट झाली होती, आणि ती सांगायलाच हवी. फाटकापासून अगदी सात-आठ पावलांवर एक आकृती होती. बाकीच्या सगळ्यांची तोंडं खाणीकडे, हिचं तोंड फाटकाकडे. पळता पळता पडलेली. एक हात मागे, घावाकडे रोखलेला, आणि दुसरा पुढे, बाहेरच्या पेटीच्या झाकणाकडे लांबवलेला. नाव भांडारी. दोन वर्षांपूर्वीची तारीख. साधा लोखंडी टोप. साधी ढाल. साधं चिलखत.

म्हणजे राणी नाही, नजरेला नजर नाही, काही नाही. मास्तर साध्या सामानानिशी आत आले होते, चांगलं बाहेर ठेवून. पहिल्याच फटक्यात घाबरले आणि ते चांगलं आणायला मागे पळाले. पेटी आठ पावलांवर राहिली.

चिमटीला हसू यायला हवं होतं. मंगळवारी आलं असतं. आता तिला त्या लांबवलेल्या हाताकडे बघवेना.

सात वळणं ती उतरली. प्रत्येक वळणावर माणसं कमी होत गेली. पाचव्यावर दोघं, सहाव्यावर एक, सातव्यावर एक मुलगी, जिचं बोट सरळ खाली जमिनीकडे होतं. चिमटीने तिथून उडी मारली आणि मागची फरशी कोसळली. “उपकार झाले, बाई,” चिमटी तिला म्हणाली. यादीत त्या मुलीच्या हातात नुसती काठी होती.

मग राणीचं दालन. मोठं, गोल, आणि रिकामं. तिथे दाखवायला कुणीच नव्हतं, कारण तिथवर कुणी आलंच नव्हतं. मधोमध राणी बसलेली, डोळ्यांवर पट्टी. आता इथून परत फिरता आलं असतं. टोपाचं रहस्य कळलं होतं, गावात जाऊन मिरवता आलं असतं, टोप सांभाळून ठेवता आला असता. हा विचार चिमटीच्या मनात आला, खोटं कशाला बोला. आणि मग तिला तो निळ्या डबीवाला आठवला, प्लास्टिकचा कोपरा दाबून बसवणारा. ती ढाल वर करून आत गेली.

ती चांगली लढली. चार मिनिटं लढली, हे तिने नंतर घड्याळात पाहिलं. राणीचे समोरचे सगळे वार तिने झेलले. घाव आला तो वरून, छतातून, एक काळा दगडी हात. चिमटीने शेवटच्या क्षणी मान वर केली, आणि पडदा राखाडी झाला.

“मेलीस का?” आईने विचारलं.

“मेले.”

“टोप?”

“गेला.”

“मग हसतेस कशाला एवढी?”

चिमटीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती खरंच हसत होती. “कळलं ना आई. मला कळलं.”

सोमवारी सकाळी साइटवर टोपांची संख्या पुन्हा चाळीस झाली. उपयोगाचा रकाना कोराच होता आणि सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. कारण चिमटीने जे सांगितलं असतं त्यावर चाळीस टोपांचा भाव ठरणार होता. ओळख ना पाळख, असे लोक तिला लिहू लागले. एका व्यापाऱ्याने काय हवं ते माग म्हणून सांगितलं. नर्सने फोन केला, आधी तब्येत विचारली आणि मग हळूच, “काय करतो गं तो?”

“घालून बघ.”

“असं काय करतेस?”

“असंच करते.”

लिफ्टवाल्यालाही तेच उत्तर मिळालं. बुधवारी भांडाऱ्यांचा निरोप आला. शुद्ध, पूर्णविरामासकट. ‘गटाचा विषय बाजूला ठेवून विचारतो. टोपाचा गुण कळल्यास सर्वांचे हित आहे. कृपया सांगावे.’

चिमटीने दोनदा उत्तर लिहून पुसलं. सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी टोप घालून खाणीत गेलं असतं, आणि फाटकाजवळच्या आकृतीची गोष्ट सर्व्हरभर झाली असती. मास्तरांवर तिचा राग होता, चांगला घसघशीत राग होता. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं हसं करायला तो पुरेसा नव्हता. आणि दुसरं कारण असं, की तिला सांगायचंच नव्हतं. एवढी हौस आहे तर घालावा की. तिने लिहिलं: ‘तुमच्या पेटीत आहे एक. घाला, सर.’



चिमटीने त्याच नावाचं नवं पात्र काढलं. पहिली लेव्हल, अंगात गोणपाट, हातात काठी. रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात ती एकटीच उंदीर मारू लागली. गटाशिवाय खेळायला मजा येत नव्हती, हेही सांगून टाकते. हेडफोन ती लावायची, सवयीने. ऐकायला काही नसायचं. आईने एकदा विचारलं, माफी मागून टाकायची का म्हणून. चिमटी म्हणाली, “कशाबद्दल?” तो विषय तिथेच संपला.

पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, ती शेतात उंदरामागे धावत असताना बांधावर कुणीतरी येऊन उभं राहिलं. वरच्या लेव्हलचं पात्र, इथे त्याचं काही काम नव्हतं. अंगात पेटीतलं चिलखत. हातात पेटीतली ढाल. आणि डोक्यावर जागता टोप, किनार विझलेला.

चिमटी थांबली. पडद्याच्या कोपऱ्यात एक शब्द आला.

‘दिसलीस.’

तिने काठी खाली घेतली. मग लिहिलं, ‘तुम्हीही.’

पडद्यावर माइकचं चिन्ह उजळलं. मग कानात आवाज आला, खरा, जरा बसलेला. “तू कधी पाहिलंस?”

“पहिल्याच दिवशी. फाटकातून आत गेल्यावर.”

“आणि कुणाला बोलली नाहीस.”

“तुम्ही स्वतः बघावं असं वाटलं.”

भांडाऱ्यांनी खोकून घसा साफ केला. “मी दोन वर्षं खोटं सांगत होतो, चिमटी. इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं होतं. त्याच्याजवळून पुढे जायला मला अर्धा तास लागला. माझ्याच.”

“पण गेलात.”

“गेलो. दालनाच्या दारापर्यंत. आत एकटीच आहेस तू. समोर तोंड करून उभी.” मास्तर म्हणाले. “वर बोट दाखवतेयस. छताकडे.”

 आपणही कुणाला तरी दाखवत उभे असू, हे चिमटीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“मी आत गेलो नाही,” भांडारी म्हणाले. “भ्यायलो नव्हतो या वेळी. ते एकट्याने करायचं काम नाही. तीन ढाली समोर लागतील आणि एकाने सतत वर बघायला हवं. कोन मी काढून ठेवलाय.” आता तो जुना मास्तरी आवाज होता. “रविवारी तीन वाजता. पेटी उघडी ठेवलीय, नर्सला आणि त्यालाही कळवलंय. ज्याला जे हवं ते अंगावर चढवायचं. परत काही येणार नाही असं धरून चालायचं.”

“आणि नियम?”

“नियम मी केला होता, मीच मोडला. तुला काही म्हणायचंय?”

“माझ्याकडे काठी आहे, सर. तिसरी लेव्हल. मी काय उपयोगाची?”

“वर कधी बघायचं ते फक्त तुला माहीत आहे. काठी घेऊन ये.”

शेजारच्या खोलीतून आईने विचारलं, कुणाशी बोलतेयस. चिमटीने हेडफोन एका कानावरून सरकवून सांगितलं, मास्तरांशी. मग तिने काठी दोन्ही हातांत घट्ट धरली आणि समोरच्या उंदराच्या डोक्यात घातली. रविवारपर्यंत निदान दहा लेव्हल तरी चढायच्या होत्या, आणि दुकानात अकरा घड्याळं पडून होती.